मेन स्विचला मामाजींचं नाव

ती. अंकुशदादास,

करुणाचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा, वहिनींचं पित्त आणि भंडाऱ्याची गर्मी ही तिन्ही आटोक्यात असतील असं धरून चालते. आम्ही इथे लाखांदुरात सुखरूप आहोत. (हे 'सुखरूप' नुसतं रीत म्हणून लिहिलेलं नाही, पुढे वाच.) फोन न करता पत्र लिहिते, कारण फोनवर मी 'मोटरीचं बटन' म्हटलं की तू तिथेच अडवतोस. बटन नाही करुणा, स्टार्टर. स्टार्टर मोटर चालू-बंद करतो, मेन स्विच लाइनच तोडतो, दोन्ही एक नाहीत. कारखान्यातल्या मोटरी सांभाळून सांभाळून तुला बहिणीची अडचण नंतर ऐकू येते, चुकीचा शब्द आधी. पत्रात तुला मध्ये बोलता येत नाही, हा पत्राचा मोठा गुण.

तर आमच्या विहिरीजवळच्या खोलीत भिंतीवर तीन डबे आहेत. त्यांची खरी नावं कोणाच्या ध्यानात राहत नाहीत म्हणून पिंटूने (तुमच्या घरच्या जावयाने, मी नवऱ्याचं नाव घेते, जमाना बदलला) त्यांना घरातली नावं दिली. स्टार्टर म्हणजे धुरपता, त्याची आत्या; हिरवं बटन दाबलं की कुरकुरत कामाला लागते. ऑटो स्विच म्हणजे पाहुणा, कारण लाइन गेली आणि परत आली की तो थोडा दम घेतो आणि कोणाला न विचारता मोटर सुरू करून देतो. आणि मेन स्विच म्हणजे मारोतराव, खुद्द माझे सासरे. त्याचं हँडल खाली आलं की साऱ्यांचं तोंड बंद, आमच्या घरासारखंच. आपल्या नावाचा लोखंडी डबा पाहून मामाजी खूशही झाले होते.

पंचाईत एकच. सासूबाईंनी नवऱ्याचं नाव कधी तोंडातून काढलेलं नाही. लग्नातल्या उखाण्यात नावाच्या जागी त्या खोकल्या, असं धुरपता आत्या अजून सांगतात. बँकेत साहेबाने नाव विचारलं तर माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणतात, "तू सांग वो." घरात सगळा कारभार 'पिंटूचे बाबा' या दोन शब्दांवर चालतो.

परवा दुपारी उन्हाळी धानाला पाणी सुरू होतं आणि मामाजी विहिरीतल्या ओट्यावर मोटरीशी वाकून उभे होते. तेवढ्यात त्यांच्या खांद्यावरचा दुपट्टा मोटर आणि पंपाच्या मधल्या जोडात गुंडाळला गेला. नशिबाने त्याच वेळी लाइन गेली. मी वरून ओरडले, मामाजी, वर या, आधी बंद करू. ते म्हणाले, "लाइनच गेली, आता कायले बंद करतं?" आणि बसले दुपट्टा सोडवत, दोन्ही हात जोडात घालून. (हा दुपट्टा मागच्याच मंडईच्या जत्रेत घेतलेला, त्यामुळे तो फाडायचा नव्हता.) मी खोलीत सावलीला गेले. सासूबाई विहिरीच्या काठावर उभ्या.

आणि शेजारच्या मधुकररावांची मोटर घुं करायला लागली. दादा, लाइन आली होती. आमचा पाहुणा दम घेत होता.

सासूबाईंनी मला हाक मारली. "करुणा, पाड वो! ते मोठं पाड! पिंटूच्या बाबाले पाड!" मी तशीच उभी. म्हटलं, ते आधीच विहिरीत आहेत, आणखी कुठे पाडू? घाबरून मी धुरपताचं लाल बटन दाबलं. पाहुणा मोटर सुरू करणारच होता; सुरूच न झालेली मोटर बंद करून मी काय मिळवलं, ते तू सांगशीलच.

मग सासूबाई ओरडल्या. असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. "मारोतरावले पाड वो! मारोतराऽऽव!"

माझ्या हाताने हँडल खाली आलं. आणि विहिरीतून मामाजींनी ओ दिली, "ओ! आलो, आलो!"

ते वर आले तेव्हा हात शाबूत होते, दुपट्टा फाटला होता. मी तिथेच मातीत बसून रडले. त्यांनी दुपट्ट्याचं नावही काढलं नाही. नुसतं विचारलं, "कोनं हाक मारली?" सासूबाई धानाच्या बांधीकडे तोंड करून उभ्या राहिल्या, डोळ्यांना पदर लावून. मी दोघांना पाणी दिलं.

वहिनींना नमस्कार. पत्रातल्या शब्दांच्या चुका माफ.

तुझी,
करुणा

ता.क. खरं काम आता लिहिते. रविवारी ये. तो पाहुणा आधी काढून टाक. विहिरीच्या काठावरही लाइन तोडणारं एक हँडल बसव, त्याला तू काय ते आयसोलेटर म्हणतोस. आणि प्रत्येक डब्यावर खरं नाव ठळक लिही. तुझंच बरोबर होतं, दादा. (हे वाक्य पुन्हा मिळणार नाही, जपून ठेव.)

ता.ता.क. सासूबाई म्हणतात, सगळ्यांवर लिहा, मोठ्या डब्यावर लिहू नका. कारण असं की आता विहिरीत उतरण्याआधी मामाजी काठावर थांबून विचारतात, "पाडलं काय?" आणि सासूबाई खोलीतून काय पाडलं ते नाव घेऊन सांगतात. मोटर कालपासून अगदी नीट चालते आहे. तरी मामाजी सकाळपासून तीनदा उतरले.