ललिताची वाटी भरून परत करावी

मी, कौशल्या भगवंतराव बोंडे, वय अडुसष्ट, राहणार भातकुली, जिल्हा अमरावती, आज चहा पिऊन, चष्मा लावून, पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दडपणाविना हे मृत्युपत्र लिहिते. शाळा चौथीपर्यंत झाली. पुढचे वाचन मुलाच्या पुस्तकांवर आपले आपणच. चुका निघाल्यास त्या माझ्या, वकिलाच्या नव्हेत.

मरायची घाई नाही. नात पौर्णिमाने अकोल्याहून एका निवृत्त नर्सबाईंचे आत्मचरित्र आणून दिले, त्याने हे सुचले. बाई साठीनंतर स्कूटर शिकल्या, गावोगाव हिंडल्या. सगळ्या गोतावळ्याबद्दल भरभरून लिहिले, सख्ख्या बहिणीबद्दल मात्र एकच ओळ, "आमचे बोलणे बंद होते." तिथे पुस्तक मिटले. जेवण काही गेले नाही.

१. राहते घर मुलगा किशोर यास. मात्र मी आहे तोवर "आई, घर विक अन् अकोल्याले ये" हे वाक्य त्याने सणासुदीलाही काढू नये.

२. पाटल्या सून रागिणीस. जुनी घडण तिला आवडत नाही, हे मला ठाऊक आहे. खुशाल मोडाव्या.

३. ठेवीतून मी स्कूटी घेतली आहे. उरले ते पौर्णिमाचे. स्कूटी कोणालाच नाही; ती मी चालवून चालवूनच संपवणार. किशोर फोनवर ओरडला, "आई, पडशीन!" म्हटले, "पडीन त भातकुलीतच पडीन न बापा, उचलाले गाव आहे." मोझरीच्या आश्रमापर्यंत जायचे, मागे कोणीतरी बसवून, हे माझे ध्येय. ध्येय हा शब्दही त्याच पुस्तकातून घेतला.

४. मोठी कढई आणि कणकेच्या गोळ्यांचे रोडगे निखाऱ्यावर भाजायचा लांब चिमटा धाकटी जाऊ ललिता हिला. एका पंगतीत ती माझ्याबद्दल सर्वांदेखत म्हणाली होती, "बाईचे रोडगे खावाचे नाई, खेळाचे आहेत!" तेव्हापासून अबोला. पण आमच्यात रिकामी वाटी परत करत नाहीत, म्हणून दोन घरांमधल्या भिंतीवरून कढी जाते, ठेचा येतो, शब्द तेवढा येत नाही. तिची एक वाटी सध्या माझ्याकडे आहे. माझ्या पश्चात ती भरून परत करावी.

५. हे लिहिले आणि पेनच थांबले. पश्चात कशाला? वाटीत तिळाची चटणी घेतली, भिंत सोडून फाटकातून गेले. ललिताने दार उघडले.

"कोन मेलं?"

"मीच मरून राहिली, पण सवडीनं. साक्षीदार पाह्यजे. मोझरीले मागं बसाले कोनी पाह्यजे."

वकिलांचे म्हणणे, ज्याला वस्तू मिळणार त्याची साक्ष नको. तेही सांगितले.

"म्हंजे सही केली त कढई गेली माही?"

"गेली."

"जाऊ दे. तुहे रोडगे काय, कढई काय, दोन्ही लोखंडाचेच!" असे म्हणत ती हसायला लागली, मग मीही. दोघींना ओट्यावर बसावे लागले.

सबब कलम ४ रद्द. कढई आणि चिमटा आजच हातोहात दिले.

साक्षीदार:
१. ललिता रामराव बोंडे (हसू न आवरल्याने सही हलली आहे)
२. गुलाम नबी, स्कूटी शिकवणारे शेजारी. त्यांची सूचना, "भाभी, ब्रेक जरा लवकर दाबा."

सही: कौशल्या भ. बोंडे
भातकुली, १४ डिसेंबर २०२५

ता. क. ललिताने तीच वाटी लिंबाच्या लोणच्याने भरून माझ्या हाती दिली आहे. मोझरीहून दोघी आल्यावर ती मी स्वतः परत करीन. तोवर हे मृत्युपत्र कोणीही अमलात आणू नये.