मुठीतले त्र्याहत्तर टक्के

८ जानेवारी, बुधवार

नवीन वर्षाची रोजनिशी आठवडाभर उशिरा सुरू करतोय. आधीचा आठवडा लिहिण्याच्या लायकीचाच नव्हता. संकल्प तीनच. चहात साखर नाही. रागावर ताबा. व्हॉट्सॲपवर फालतू काही पाठवायचं नाही, फक्त अभ्यासपूर्ण.

आज सकाळी हौदावरची मोटर गायब. नुसती वायर लोंबकळत होती. बघून डोकं फिरलं. (दुसरा संकल्प उद्यापासून.) शेजारचे शरणप्पा आले. रिटायर हेडमास्तर, कॉलनीचे अध्यक्ष. म्हणाले, उमाशंकरअप्पा, मागच्या गल्लीतल्या बिहाऱ्यांचंच काम हाय हे, लई माजून राहिलेत. मी त्यांना तिथंच थांबवलं. म्हटलं, शरणप्पा, पुराव्याशिवाय बोलणाऱ्या माणसांची मला किळस येते. आधी आकडा काढू, मग बोलू. लातुरात अशा शास्त्रीय माणसाची गरजच होती.

शिवम्माचा गुडघा परत सुजलाय. ऑपरेशन पुण्यात, फेब्रुवारीत. लेक वर्षाराणी तिकडे लिफ्टवाला फ्लॅट शोधतेय. सध्याचा तिचा तिसऱ्या मजल्यावर आहे, जिना उभा. डॉक्टरने सांगितलंय, पायऱ्या बंद म्हणजे बंद. वर्षाराणी हुशार आहे, माझ्यावर गेलीय. होईल सगळं.

९ जानेवारी, गुरुवार

सर्वेक्षण केलं. अडत बाजारात, दुपारी, बाकड्यावर.

पद्धत लिहून ठेवतो, पुढे लोक विचारतील. मी उभा जन्म तुरीत काढलाय. ट्रक आला की एक मूठ उचलायची, तळहातावर पसरायची, अख्ख्या ट्रकाची ओल, किडीचा डंख, काडीकचरा सांगून मोकळं व्हायचं. पोरगं संगमेश आता मशीन लावतं. मी मूठ लावतो. माणसाचंही तेच. सगळं लातूर विचारत बसायची गरज नाही, मूठ बरोबर भरली की झालं.

अकरा व्यापाऱ्यांना विचारलं, चोऱ्या कोण करतं? आठ म्हणाले, बाहेरचे. त्यातले तिघं एकाच दुकानातले सख्खे भाऊ, पण मतं प्रत्येकाची स्वतंत्र. धाकट्याला ऐकू कमी येतं, तरी त्याने जोरात मान हलवली. खरं तर विचारलं होतं बाराजणांना. बारावा म्हणाला, चोऱ्या व्यापारीच करतात. त्याला खडा म्हणून बाजूला काढला. तुरीतही खडा मोजत नाहीत.

अकरात आठ म्हणजे बहात्तर पूर्णांक बहात्तर. पुढचं पूर्ण धरून त्र्याहत्तर केलं. लातुरातल्या शंभरपैकी त्र्याहत्तर चोऱ्या परप्रांतीय करतात. आकडा हातात आल्यावर किती शांत वाटतं! चहात साखर घेतली. आजच्या दिवस.

११ जानेवारी, शनिवार

व्याख्येचं काम अवघड गेलं. बाहेरचा म्हणजे कोण? मी लिहिलं, ज्याचा जन्म महाराष्ट्राबाहेर तो. शिवम्मा लसूण सोलत होती. म्हणाली, म्या भालकीची, कर्नाटकातली. मग म्या चोरात का? म्हटलं, बायका मोजायच्या नसतात, लग्न करून आलेल्या. ती म्हणाली, अन् तुमच्या आत्याचा नवरा, हुमनाबादचा, घरजावई? म्हटलं, ते वारले. तिने लसणाचं टरफल फुंकून टाकलं. अशिक्षित वातावरणात संशोधन करावं लागतं.

१२ जानेवारी, रविवार

कॉलनीची मीटिंग. पाचपन्नास लोक. मी आकडा सांगितला आणि दोन सेकंद थांबलो. थांबायचं कुठं हे मला कळतं. टाळ्या! मागून कुणीतरी विचारलं, पोलिसांकडचा आकडा हाय का? मी त्याच्याकडे असं बघितलं की तो बसला. पोलिसांचा आकडा पोलिसांपाशी. माझा माझ्यापाशी.

ठराव झाला. बाहेरच्यांना खोली द्यायची नाही, असलेल्यांनी आठवड्यात सोडायची. सध्या असलेला एकच निघाला. रामप्रवेश, दालमिलमध्ये सॉर्टिंगच्या मशीनवर असतो, बायको अन् लहान मुलीसह शरणप्पांच्याच मागच्या खोलीत. एक असो नाहीतर हजार, तत्त्व महत्त्वाचं.

शरणप्पांनी तिथंच आकडा अन् ठराव दोन्हीचा मेसेज टाइप केला. खाली नाव: ज्येष्ठ आकडेतज्ज्ञ उमाशंकर हलकुडे, लातूर. ज्येष्ठ कशाला, म्हटलं. मग असू दिलं. फोटो मात्र बदलायला लावला, फेट्यातला घातला.

१३ जानेवारी, सोमवार

मोटर सापडली. संगमेशने वाइंडिंगला दिली होती. म्हणे आईला सांगितलं होतं. आई म्हणे, मंगळवारीच तुमास्नी सांगितलं, तुमी टीव्हीवरच्या भांडणात मान हलवून राहिला होतात.

हरकत नाही. चोरी झाली नाही हे एका जागी, टक्केवारी दुसऱ्या जागी. सर्वेक्षण मोटरीचं नव्हतंच. शरणप्पांना सांगायला निघालो, पण त्यांच्याकडे पाहुणे होते. बहुतेक.

१५ जानेवारी, बुधवार

रामप्रवेश गेला. हातगाडीवर शेगडी, पत्र्याची पेटी, वर मुलगी. शिवम्मा दुखऱ्या गुडघ्याने गेटपर्यंत गेली अन् दशम्या, शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. वर मुलीच्या गालावरून हात फिरवला. सगळ्या गल्लीसमोर! तज्ज्ञाची बायको!

तो गाडी थांबवून माझ्याकडेच आला. विचारतो, अप्पा, आपके पहचान में कोई कमरा है क्या? म्हणजे काय निर्लज्जपणा. ज्याने काढलं त्यालाच विचारायचं. अंगावर शिसारी आली. तरी माणुसकी म्हणून सांगितलं, उदगीर रोडला बघ, तिकडं अजून आकडे पोचले नसतील.

रात्री शिवम्माने भाकरी वाढली, तूप वाढलं नाही. गुडघ्यामुळे चिडचिड होते तिची.

१९ जानेवारी, रविवार

आकडा पोचला. उदगीरला पोचला, किनवटला पोचला, पार नांदेडला पोचला. पण काय अवस्थेत! उदगीरच्या ग्रुपवर ‘त्र्याहत्तर टक्के चोर कर्नाटकवाले’. किनवटहून माझा मेव्हणा चन्नबसप्पा पाठवतो, ‘त्र्याहत्तर टक्के तेलंगणावाले’. नांदेडकरांनी तर त्र्याऐंशी करून टाकले. आपल्या हिमतीवर दहा वाढवले!

खाली नाव सगळीकडे माझंच. फेटाही.

लोकांना लाज कशी वाटत नाही? आकडा उचलायचा अन् त्याच्या पुढचा माणूस बदलायचा. ही काय पोत्याची चिठ्ठी आहे, काढून दुसऱ्या पोत्यावर लावायला? किळस आली. चन्नबसप्पाला फोन केला की खोटं पसरवू नका. तो म्हणाला, अवो भावजी, तुमचाच तर आकडा हाय, आमी फक्त गावाला बसंल असा केला. मी फोन आपटला. संकल्प दोन गेला. तीन आधीच गेला होता.

२५ जानेवारी, शनिवार

आनंदाची बातमी. वर्षाराणीला फ्लॅट मिळाला. पाचवा मजला, मोठी लिफ्ट, व्हीलचेअर आत जाते. बाथरूममध्ये धरायला दांडासुद्धा. मालकीण भली बाई आहे, फक्त सोसायटीच्या कमिटीचा होकार बाकी. शिवम्मा व्हिडिओ कॉलवर तो दांडाच परत परत बघत होती. म्हणाली, अवो, ह्याला धरून म्या एकटी आंघोळ करीन, कुणाला हाक मारायची गरज न्हाई. बऱ्याच दिवसांनी हसली. तूप वाढलं.

२ फेब्रुवारी, रविवार

कमिटीने नकार दिला.

वर्षाराणीचा फोन. रडत नव्हती, पण आवाज कोरडा होता, ते जास्त वाईट. तिच्या स्कूटीचा एमएच चोवीस, म्हणजे लातूरचा, नंबर सेक्रेटरीने बघितला. म्हणाला, मॅडम, पर्सनल काही नाही, पण मराठवाड्याकडच्यांना आम्ही आता देत नाही. आमच्याकडे डेटा आहे.

कसला डेटा, तर पुण्यातल्या त्र्याहत्तर टक्के चोऱ्या मराठवाड्यातून आलेले लोक करतात!

माझी पोर! इंजिनिअर! जिने कॉलेजात सापडलेलं घड्याळ ऑफिसात नेऊन दिलं होतं! एका नंबरप्लेटवरून अख्ख्या मराठवाड्याची पारख करतात? हे शिकलेले लोक? थू! ह्यांचं पुस्तकी शहाणपण बघून ओकारी येते.

मी पुण्याला जाणार. आकड्यांच्या बाबतीत ह्यांना अजून माणूस भेटला नाही. शिवम्मा म्हणाली, तुमी नगा जाऊ. म्हटलं, मीच जाणार. ऑपरेशन अठराला. लिफ्ट मिळवून देणार म्हणजे देणार.

८ फेब्रुवारी, शनिवार

पुण्याला जाताना बसमध्ये भाषण तयार केलं. फारच चांगलं झालंय. तुम्ही विचारलं कुणाला? किती जणांना? ते सगळे एकाच दुकानात बसणारे नव्हते ना? नको ती उत्तरं बाजूला तर नाही काढलीत? पोत्याचा वरचा थर बघून भाव करणारा व्यापारी बुडतो, परखीची नळी बुडापर्यंत खुपसून बघावं लागतं. असे मुद्दे मला सुचतात कसे, माझं मलाच नवल वाटतं.

९ फेब्रुवारी, रविवार. दुपार.

जसं झालं तसं लिहितो.

क्लब हाऊसमध्ये बसलो. सेक्रेटरी, आणखी दोघं, मी, वर्षाराणी. मी भाषण केलं. परखीच्या मुद्द्यापाशी आलो तेव्हा सेक्रेटरी खरोखर अस्वस्थ झाला होता. एक मेंबर म्हणाला, काका बरोबर बोलताहेत, हा फॉरवर्ड कुणाचा आहे तेच आपल्याला माहीत नाही. फ्लॅट हातात आला होता. वर्षाराणीने टेबलाखाली माझा हात दाबला.

सेक्रेटरीने मोबाइल काढला. म्हणाला, नाव आहे ना, लातूरच्याच एका तज्ज्ञांचं आहे. मग फोटो मोठा केला. मोबाइलकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

हे आपणच का?

वर्षाराणीने हात सोडला. तिला हे माहीत नव्हतं. माझंही सांगायचं राहिलं होतं, विषय निघाला नव्हता.

मग सेक्रेटरी उठून उभाच राहिला. मला स्वतःची खुर्ची दिली. चहा सांगितला. म्हणाला, सर, आम्ही तुमचा अभ्यास दोनदा वाचला, वार्षिक सभेत तुम्हाला बोलवायचा विचार होता. आयुष्यात मला कुणी सर म्हटलं नव्हतं. अडतीत अप्पा म्हणतात, घरी अवो.

वर्षाराणी हळू म्हणाली, अप्पा, आकडा खोटा हाय म्हणून सांगा. एवढंच सांगा. आईला लिफ्ट पाहिजे.

मी सांगणारच होतो. पण खोटा कसा म्हणू? शास्त्र आहे ते. मी म्हणालो, मूळ आकडा माझाच. लोकांनी फक्त पुढचा माणूस बदललाय. मूळ आकडा परप्रांतीयांबद्दल होता, अन् तो शंभर टक्के बरोबर आहे.

सेक्रेटरी म्हणाला, म्हणजे पद्धत बरोबर?

म्हटलं, पद्धतीत चूक काढून दाखवा.

तो म्हणाला, मग सर, आम्ही तीच पद्धत वापरली. तुमच्या कॉलनीने बाहेरच्यांना खोली द्यायची नाही असं ठरवलं, आम्हीही तेच ठरवलं. इथे बाहेरचे तुम्ही.

चहा आला. साखर होती. प्यालो.

९ फेब्रुवारी. संध्याकाळ.

परतीच्या बसमध्ये. वर्षाराणी स्टँडवर सोडायला आली नाही, तिला ऑफिसचं काम असेल. रविवारीही राबवतात हल्ली. तसं बघितलं तर फ्लॅट फार हवेशीर नव्हता. आणि पाचवा मजला म्हणजे वीज गेली की अडकलंच. एका अर्थी वाचलो. ह्या अर्थाने विचार करायला लोक शिकत नाहीत.

त्या सेक्रेटरीची मात्र किळस आली. दुसऱ्याची पद्धत ढापायची, आणि त्यालाच ऐकवायची.

१० फेब्रुवारी, सोमवार

शिवम्माला सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, तो दांडा पण गेला का? म्हटलं, तिसऱ्या मजल्यावर बसवून घेऊ. ती म्हणाली, बसवा. अन् तिथंवर म्या कशी जाऊ ते बी एखाद्या आकड्यातून काढा.

हिच्याशी बोलण्यात अर्थ नाही. लिफ्टवाले आणखी तीन फ्लॅट आहेत असं वर्षाराणीने संगमेशला सांगितलं. मला नाही सांगितलं. तिन्ही मालकांनी एमएच चोवीस बघून कळवतो म्हटलंय.

२२ फेब्रुवारी, शनिवार. पुणे.

ऑपरेशन चांगलं झालं. आज सोडलं. तिसरा मजला, जिना उभा.

प्लास्टिकच्या खुर्चीत शिवम्माला बसवलं. एका बाजूने वर्षाराणी, दुसऱ्या बाजूने मी. पहिल्या वळणावर माझ्या कंबरेत कळ आली अन् खुर्ची वाकडी झाली. शिवम्मा ओरडली. तसं ती ओरडत नाही, बाळंतपणातही ओरडली नव्हती. मी घामाने भिजलो होतो. खुर्ची खाली ठेवून भिंतीला टेकलो. वर्षाराणी माझ्याकडे बघत नव्हती.

खालून दोन तरुण आले, रंगाचे डबे घेऊन. कुठल्यातरी फ्लॅटचं काम चालू असावं. डबे खाली ठेवले, काही न विचारता खुर्ची दोन बाजूंनी धरली. एकाने आपला गमछा शिवम्माच्या पायाखाली घडी करून घातला. बोली आपल्याकडची नव्हती. माझ्या तोंडावर आलंच होतं, कुठले रे तुम्ही?

शिवम्माने खुर्चीतूनच माझ्याकडे बघितलं. म्हणाली, आत्ता विचारू नगा. आधी मला वर जाऊ द्या.

नाही विचारलं. तिच्या चपला पायरीवर राहिल्या होत्या, त्या उचलल्या अन् त्यांच्या मागून वर गेलो.