मेहुण्याचा रेफरन्स

४ जानेवारी, सकाळ

आजपासून रोजनिशी. मोठ्या वैमानिकांना आत्मचरित्र लिहायच्या वेळी जुनं काही आठवत नाही, मग ते काहीबाही ठोकून देतात. माझ्यावर ती वेळ येणार नाही.

बातमी : खासगी विमानं भाड्याने देणाऱ्या एका चार्टर कंपनीला बिझनेस जेटवर को-पायलट हवाय. जागा एक. वय पंचेचाळिसाच्या आत. मला जूनमध्ये पंचेचाळीस पूर्ण होतात, म्हणजे जाहिरात माझ्याकडे बघूनच काढलेली दिसते. बायको म्हणाली, म्हणजे ही शेवटचीच संधी म्हणायची. तिला प्रत्येक गोष्टीची उलटी बाजू आधी दिसते.

सोळा वर्षं फ्लाइंग क्लबात दोन सीटच्या विमानात पोरांना शिकवतोय. शेजारी दरवेळी नवा माणूस, आणि दरवेळी मला मारायलाच निघालेला. आता बास. चामड्याच्या सीटा, गालिचा, आणि मागे बसलेले चार अब्जाधीश. ते आणि मी.

संकल्प : रोज धावणे. साखर बंद. आरशासमोर रोज दहा मिनिटं मंद स्मित.

४ जानेवारी, संध्याकाळ

धावायला बूट नाहीत. आणायला गेलो तर गॉगलचं दुकान आधी लागलं. गॉगल घेतला. बूट उद्या.

९ जानेवारी

मेहुणा जेवायला आला. बायकोचा धाकटा भाऊ. मी मनातल्या मनात त्याला लाडोबा म्हणतो. विमान उडवायला शिकला तो माझ्याच हाताखाली. सध्या एका पार्सल कंपनीचं छोटं विमान चालवतो, म्हणजे हवेतला हमाल.

दुसऱ्यांदा भाजी वाढून घेताना म्हणाला, भाऊजी, त्या जेटच्या जागेसाठी मीपण अर्ज टाकलाय, तुम्हाला राग नाही ना? मी म्हटलं, राग कसला, तुला तेवढाच अनुभव. बायको म्हणाली, घरातच येऊ दे काय यायचं ते, मग तू आण नाहीतर यांना आणू दे. हे वाक्य तिने त्याच्याकडे बघून म्हटलं.

जेवणानंतर छातीत जळजळ. भाजी तिखट होती.

१० जानेवारी

भाजी अजिबात तिखट नव्हती असं बायकोचं म्हणणं. अ‍ॅसिडिटीच्या गोळ्यांचं पाकीट आणलं. त्या दुकानाशेजारीच बुटांचं दुकान आहे, पण ते बंद होतं. बहुतेक.

१८ जानेवारी

ऑनलाइन परीक्षा. दोघेही पास. लाडोबाला माझ्यापेक्षा जास्त मार्क. त्याला सगळं पाठ असतं. मी समजून घेतलेलं असतं, त्यामुळे उत्तर चुकू शकतं.

गोळ्या दोन.

२ फेब्रुवारी

सिम्युलेटरची परीक्षा. सिम्युलेटर म्हणजे जमिनीवर ठेवलेलं खोटं विमान. मला उजव्या सीटवर बसवलं. माझी हक्काची जागा! शिकवणारा उजवीकडेच बसतो, सोळा वर्षं मी दुसरीकडे बसलोच नाही. डावीकडे परीक्षक. त्याने कंट्रोल जरा घट्ट धरला होता, तेव्हा सवयीने त्याच्या मनगटावर हलकी टपली मारली.

मग एक इंजिन बंद पडल्याचं नाटक झालं. मी त्याला पायरीपायरीने काय करायचं ते समजावून सांगितलं. घाबरू नकोस म्हटलं. तो म्हणाला, करायचं तुम्हाला आहे. तोवर आम्ही खोट्या डोंगराच्या बऱ्यापैकी जवळ आलो होतो.

एकंदरीत छाप पडली. जाताना त्याने मला नीट निरखून पाहिलं.

३ फेब्रुवारी

लाडोबाचीही परीक्षा झाली. परीक्षकाने त्याला कॉफी पाजली म्हणे. मला नाही पाजली. माझ्याबाबतीत त्याला दडपण आलं असणार.

११ फेब्रुवारी

आज मुलाखत. हँगरच्या, म्हणजे विमानं ठेवायच्या शेडच्या, कोपऱ्यातली काचेची खोली. आधी पोचलो, म्हणून काचेतून जेट बघत उभा राहिलो. काय ते विमान! पांढरं स्वच्छ, नाक असं की कोणाला मोजत नाही. आत एक टक्कल पडलेला माणूस व्हॅक्युम क्लीनर फिरवत होता. नंतर तोच हात पुसत खोलीत आला आणि मी इथला चीफ पायलट म्हणून समोर बसला. कंपनीची दया आली. माणसं कमी असावीत. रुजू झाल्या झाल्या आधी एक सफाईवाला लावून घेईन.

शेजारी ऑपरेशन्सच्या बाई. विमान कधी, कुठे, कोणाला घेऊन जाणार ते त्या ठरवतात.

त्यांनी विचारलं, प्रवासी चार तास उशिरा आले तर काय कराल? मी म्हटलं, नियमात ड्युटीचे तास लिहिलेले आहेत, ते संपले की मी घरी. बाईंनी विचारलं, आणि ते संपलेले नसले तर? मी म्हटलं, तर नाराजी दाखवीन.

चीफने विचारलं, प्रवाशाच्या कुत्र्याने सीटवर घाण केली तर? मी म्हटलं, संबंधित विभागाला लेखी कळवीन. तो म्हणाला, विमानात आपण दोघेच असतो. मी क्षणात म्हटलं, मग दोघांत जो ज्युनिअर असेल त्याला. बाईंनी लगेच काहीतरी लिहून घेतलं. उत्तर बिनतोड होतं.

शेवटी म्हणाले, तुम्हाला जवळून ओळखणाऱ्या एखाद्या वैमानिकाचं नाव द्या, आम्ही फोन करू. क्लबाच्या सेक्रेटरीचं देणार होतो, पण मागच्या वर्षी मी त्याला चारचौघांत गाढव म्हटलं होतं. लाडोबाचं दिलं. भाऊजीविरुद्ध बोलायची त्याची छाती नाही.

१२ फेब्रुवारी

लाडोबाचा फोन. त्यानेही माझंच नाव दिलंय! म्हणाला, तुमच्याइतकं मला कोण ओळखतं, भाऊजी.

खरंय. कोणीच नाही.

१३ फेब्रुवारी

दिवसभर विचार केला. खोटं बोलणं रक्तात नाही. पण खरं बोलायला कोणाची बंदी आहे? मेहुणा म्हणून काय गुणच गायचे? उद्या हा वर अब्जाधीशांना घेऊन उडणार. देशाच्या अर्थव्यवस्थेचा प्रश्न आहे.

त्याच्या अवगुणांची मनात उजळणी केली. इतके निघाले की मलाच आश्चर्य वाटलं. आजवर दुर्लक्ष केलं हा माझा मोठेपणा.

१६ फेब्रुवारी, दुपारी

चीफ पायलटचा फोन आला. म्हणाला, आमच्या धंद्यात दोन माणसं दिवसचे दिवस एकत्र असतात. विमानात, हॉटेलात, टॅक्सीत. तेव्हा मोकळेपणाने सांगा, तुमचा मेहुणा माणूस म्हणून कसा आहे?

मी आधी एक सुस्कारा सोडला. मग बांध फुटला.

म्हटलं, साहेब, त्याला स्वतःची इज्जत नाही. पार्सलची खोकी स्वतः उचलतो. लोडरची वाटसुद्धा बघत नाही. वर त्याला पाणी विचारतो. मेकॅनिकला कॉफी नेऊन देतो आणि कोणाला किती साखर लागते ते लक्षात ठेवतो. पायलटने डोक्यात हे भरायचं?

त्याने विचारलं, आणखी?

म्हटलं, कणा नाही. विद्यार्थी असताना एकदा मी त्याला सकाळी बोलावून विसरलो. दुपारी पोचलो तर हा अख्खं विमान धुऊन बसलेला. वर मलाच म्हणाला, तुम्ही दमला असाल. अशा माणसाला काय म्हणायचं?

आणखी?

भित्रा. हवा बिघडलेली दिसली की सरळ मागे फिरतो. एकदा मी रेडिओवर ओरडून पुढे जा सांगत होतो, तरी ऐकलं नाही, सॉरी सर म्हणाला आणि परत येऊन उतरला. लाज म्हणून नाही. शंका आली की चारचौघांत विचारतो. चूक झाली की दुसऱ्याने पकडायच्या आत स्वतःच सांगून मोकळा.

आणि घुम्या. विमानातून काय नेतो, कोणाचं नेतो, सख्ख्या बहिणीने विचारलं तरी तोंड उघडत नाही. हसतो नुसता.

चीफ म्हणाला, इतकं सविस्तर आजवर कोणी सांगितलं नव्हतं, बाई फोनवर ऐकत होत्या, त्यांनीही आभार मानलेत. मी म्हटलं, कर्तव्य.

जळजळ नाही. महिन्याभरात पहिल्यांदाच गोळी लागली नाही.

१७ फेब्रुवारी

थोडं वाईट वाटलं. आपलेच दात, आपलेच ओठ. लाडोबाला फोन करून धीर दिला. म्हटलं, नशिबात असेल तसं होईल, पार्सलही समाजाला लागतंच.

बूट आणले. धावण्याचे नाहीत. काळे, टोकदार, कॅप्टनचे.

२१ फेब्रुवारी

लाडोबा घरी आला. चेहरा फुललेला. चीफने त्यालाही माझ्याबद्दल फोन केला होता. म्हणाला, भाऊजी, मी तुमचं इतकं कौतुक केलं की त्यांनी दोनदा विचारलं, नक्की ना? मी म्हटलं, काय काय सांगितलंस? साधारण असं :

भाऊजी म्हणजे भारदस्त माणूस. आजवर कोणाची बॅग उचललेली नाही, स्वतःचीसुद्धा विद्यार्थ्याकडे देतात. कोणापुढे वाकत नाहीत, प्रवासी कितीही मोठा असो, चार गोष्टी सुनावल्याशिवाय सोडणार नाहीत. वेळेचे पक्के, पाच वाजले की विमान असेल तिथे सोडून घरी. कॅप्टन चुकला तर त्याला तिथल्या तिथे शिकवतील. आणि गप्पिष्ट! एकदा भेटलेल्या माणसाची कुंडली गावभर सांगतात.

एकही शब्द खोटा नव्हता. माझा ऊर भरून आला. म्हटलं, बस, जेव. भाजी मी स्वतः वाढली. गेल्या आठवड्यातला फोन आठवला आणि क्षणभर त्याच्या ताटाकडे बघवेना. पण एका जागेसाठी दोघं असली की एकाला मागे राहावंच लागतं.

२२ फेब्रुवारी ते ४ मार्च

फोन नाही. क्लबात राजीनाम्याचा मसुदा तयार ठेवला. भाषा नम्र पण झोंबणारी. सेक्रेटरीला तोंडी कल्पना दिली, आणि हातासरशी पुन्हा गाढव म्हटलं.

५ मार्च

लाडोबाला जागा मिळाली.

बायकोला रडू आलं. सासूबाई फोनवर हसत होत्या की रडत होत्या ते कळलं नाही. लाडोबा आला आणि थेट माझ्या गळ्यात पडला. म्हणाला, चीफसाहेब म्हणाले, तुझ्या भाऊजींचा फोन झाला आणि आम्ही दुसऱ्या कोणाचा विचारच केला नाही.

बायकोने विचारलं, असं काय सांगितलंत? मी म्हटलं, जे खरं ते. तिने माझ्याकडे पाहिलं. लग्नानंतर इतक्या अभिमानाने पहिल्यांदाच. खूप वेळ पाहत होती. मला पाणी प्यायचं निमित्त करून स्वयंपाकघरात जावं लागलं.

गोळ्या चार. मी गाढव आहे. हे सेक्रेटरीला कळता कामा नये.

६ मार्च

चीफ पायलटला मीच फोन केला. म्हटलं, माझं काय? म्हणाला, तुमच्या मेहुण्याने तुमच्याबद्दल फार प्रेमाने सांगितलं, त्यातूनच आम्हाला निर्णय घेता आला. मग जरा घुटमळला आणि म्हणाला, पावसाळ्याआधी आणखी एक जागा निघेल.

मी उभा राहिलो. फोनवरच, पण उभा राहिलो.

तर म्हणतो, तुमच्या क्लबात आणखी असा कोणी असेल, की ज्याच्याबद्दल तुम्हाला इतक्याच तक्रारी आहेत, तर पाठवून द्या.

हात दाखवून अवलक्षण.

७ मार्च

राजीनाम्याचा मसुदा फाडला. सेक्रेटरीला सॉरी म्हटलं. तो म्हणाला, दोन्ही वेळचं का? मी म्हटलं, दोन्ही वेळचं.

२० मार्च, सकाळ

लाडोबाचं पहिलं उड्डाण. त्याची गाडी बंद पडली, तेव्हा बायको म्हणाली, तुम्हीच सोडा त्याला. सोडलं. नवा युनिफॉर्म, खांद्यावर पट्टे. माझा गॉगल त्याला दिला. मला घट्टच होत होता.

टर्मिनलच्या मागे, जेटवाल्यांच्या छोट्या गेटापाशी थांबलो. प्रवाशांसाठी घेतलेल्या फुलांचा गुच्छ एका हातात, दुसऱ्या हातात कॉफीचा थर्मास, कसं उतरावं त्याला कळेना. डिकी उघडली आणि त्याची बॅग मी उचलली. गेटापर्यंत नेली. जड होती. आत बहुतेक पुस्तकं होती, माझ्या नोट्सही असतील.

गार्डने विचारलं, हे कोण? लाडोबा मान ताठ करून म्हणाला, माझे गुरू, यांनीच मला इथपर्यंत आणलं. त्याचे डोळे ओले होते. माझेही झाले असतील, वारा फार होता.

गार्डने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, बुटांवर नजर जरा थांबली, आणि म्हणाला, गुरुजी, गाडी पुढे घ्या, इथे थांबायला परवानगी नाही.