जहाज वेळेआधी सुटलं

२ मे, शुक्रवार
क्रूझचं बुकिंग केलं. आठ दिवस, दोन बंदरं, चार माणसं : मी, बायको, लेक आणि माझी आई. निमित्त, लग्नाला पंचवीस वर्षं. आमच्या प्रत्येक ट्रिपमध्ये शेवटी कुठेतरी अडकून साडूला फोन करावा लागतो. या वेळी सगळं एकट्याने. आठ दिवसांत एकदा तरी बायकोच्या तोंडून ऐकायचंय, ‘तुम्ही होतात म्हणून सगळं नीट पार पडलं.’ पंचवीस वर्षांत ऐकलेलं नाही. बाकी अपेक्षा शून्य.

संकल्प : ऑफिसच्या अंकासाठी लेख लिहायचा. ‘पहिल्या क्रूझला जाणाऱ्या कुटुंबांसाठी उपयुक्त सूचना’. लोकांना काही म्हणजे काही कळत नाही.

सूचना १. ज्यांनी क्रूझ केली आहे त्यांचा सल्ला घेऊ नये. ते फक्त फुशारकी मारतात.

४ मे, रविवार
साडूची यादी आली, मोबाइलवर. बावीस मुद्दे! तीन क्रूझ केल्या तर स्वतःला कॅप्टन समजायला लागला. यापुढे वहीत त्याचं नाव कॅप्टन. यादी न वाचता डिलीट. बायकोने मात्र तिच्या मोबाइलवरून कागदावर उतरवून घेतली, मुद्द्यांना नंबर घालून. लिहू दे. हस्ताक्षर सुधारेल.

६ मे, मंगळवार
रजेआधी हजेरीपुस्तक तपासलं. स्टोअर्सचा क्लार्क नऊ मिनिटं लेट. म्हणे घड्याळ मागे पडलं होतं. त्याला सांगितलं, घड्याळ हे कारण नसतं, ती सबब असते. लाल पेनने लेटमार्क. हिरमुसला. हिरमुसू दे. बावीस वर्षं हे पुस्तक माझ्याकडे आहे आणि माझ्या नावापुढे एकही लाल खूण नाही. लाल पेनही माझ्याकडेच असतं, पण त्याचा याच्याशी संबंध नाही.

८ मे, गुरुवार
पॅकिंग. चार मोठ्या बॅगा, प्रत्येकीवर छापील लेबल. आठ दिवसांचं टाइमटेबल टाइप करून लॅमिनेट केलं. सकाळी ७.१५ : समुद्रदर्शन (सामूहिक). बायकोला खांद्याला एक पिशवी हवी होती, पहिल्या दिवसाचे कपडे आणि गोळ्या ठेवायला. कॅप्टनचा मुद्दा नंबर तीन. साफ नकार दिला.

सूचना ४. चढताना हात मोकळे असावेत. माणूस रुबाबदार दिसतो.

९ मे, शुक्रवार. दुपारी २.००
जहाजावर. मोठ्या बॅगा धक्क्यावरच काढून घेतल्या. संध्याकाळपर्यंत केबिनमध्ये येतील म्हणाले. गलथान कारभार. समोर स्विमिंग पूल, अंगात फुल शर्ट, पायात बूट. बायको, लेक आणि आई कपडे बदलून पाण्यात पाय सोडून बसल्यात. पिशवी आणलीच होती. आईच्या पर्समध्ये घडी घालून! माझी आई फितूर झाली.

दु. ३.३०
केबिनला खिडकी नाही. मुद्दामच घेतली तशी. खिडकी असली की माणूस बाहेर बघत बसतो. लेकीने विचारलं, बाबा, समुद्र कुठाय? म्हटलं, भिंतीपलीकडे. भिंतीपलीकडे जिना निघाला.

बायकोने कपाटातल्या छोट्या तिजोरीत एक जाड पाकीट ठेवलं. काय आहे विचारलं तर म्हणाली, असू दे, लागलं तर लागलं. दागिने असणार. बोटीवर कुठे मिरवणार आहे देव जाणे.

सं. ४.१५
लाइफ जॅकेटची ड्रिल. आमच्या रांगेतल्या खलाशाला जॅकेट घालण्याची योग्य पद्धत समजावून सांगितली. त्याने हसून माझं जॅकेट काढलं आणि सुलटं घातलं. रांगेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. रिकामटेकडे.

१० मे, शनिवार
बोट लागते म्हणणारी माणसं मनाने दुबळी असतात, हे सकाळी नाश्त्याला सगळ्या टेबलाला सांगितलं. शेजारच्या टेबलालाही.

स. ११.२०
ज्यूस खराब होता. चौघांनी तोच प्यायला, पण माझा ग्लास खराब होता. गोळी घेणार नाही.

दु. १.००
गोळी घेतली. बायकोच्या पिशवीतली. कॅप्टनचा मुद्दा नंबर आठ, असं लेक म्हणाली. तिला कुणी विचारलं नव्हतं.

११ मे, रविवार
समुद्रदर्शनाला मी एकटाच. लॅमिनेट केलेल्या टाइमटेबलवर कुणीतरी कॉफीचा कप ठेवलाय. आई वरच्या डेकवर नाचाच्या क्लासला जाते. वय चौऱ्याहत्तर, गुडघे कायम दुखरे, आणि आज तिला बक्षीस म्हणून टोपी मिळाली. ती घालूनच जेवायला आली. मी दुसरीकडे बघत जेवलो.

बायको खुशीत दिसते. दोनदा हसली. वाक्य मात्र अजून नाही. जेवताना सहज विषय काढला, ट्रिप बरी जमली, नाही का? म्हणाली, हो, सूप छान आहे.

१२ मे, सोमवार
उद्या बंदर. स्पीकरवर तीनदा घोषणा. धक्क्यावरच्या गावाचं घड्याळ जहाजाच्या एक तास मागे आहे. सगळ्यांनी जहाजाचीच वेळ पाळावी. मोबाइलवर विसंबू नये, तो आपोआप गावाची वेळ दाखवेल. साडेचारला परत, पाचला सुटणार. एवढं एक वाक्य तीनदा सांगावं लागतं म्हणजे प्रवासी कसल्या दर्जाचे आहेत बघा. तिसऱ्यांदा मी ऐकलंच नाही.

बायकोने तिचं किल्लीचं घड्याळ काढून जहाजाच्या घड्याळाशी लावलं. आमच्या लग्नातलं. काच तडकलेली. किल्ली द्यायची वस्तू आज कोण वापरतं! माझा मोबाइल थेट उपग्रहाकडून वेळ घेतो, हे तिला समजावलं. म्हणाली, घेऊ दे.

ठरवलं : उद्या तिला नवं घड्याळ घ्यायचं. ते जुनं एकदाचं टाकून दे म्हणावं. वाक्य तेव्हा नक्की येईल.

सूचना ११. बंदरावर घाई करू नये. वेळेच्या फार आधी पोचणाऱ्यांना स्वतःवर विश्वास नसतो.

१३ मे, मंगळवार. दु. २.२०
गावातल्या कॅफेत. एकटा. बायकोने मनगटाकडे बघून सव्वातीन झाले, निघू या, असा धोशा लावला. मी मोबाइल दाखवला, सव्वादोन. लेक म्हणाली, बाबा, काल सांगत होते ना, एक तासाचा फरक आहे. तिला म्हटलं, उपग्रह चुकतो आणि तुझ्या आईची किल्ली बरोबर, असं म्हणायचंय का? आईने (डोक्यावर टोपी) हात धरून ओढलं, चल रे बाळा, सगळे चाललेत. सगळे चाललेत हे काय कारण झालं? शेवटी तिघी गेल्या. बायको वळून म्हणाली, अहो, या बरं का लवकर. पाय दुखत असतील म्हणून गेली असणार.

दुसरी कॉफी.

दु. ३.३०
घड्याळ घेतलं. नाजूक पट्टा, निळी डबी. दुकानदाराने स्वतः बरोबर वेळ लावून दिली. माझ्या मोबाइलशी तंतोतंत. बघा!

सं. ४.०५
धक्क्यावर. पंचवीस मिनिटं आधी! गर्दी अजिबात नाही. लोक अजून बाजारात भटकत असणार. सगळ्यांना लेटमार्क मिळणार आज.

सं. ४.०८
जहाज हललं.

सं. ४.०९
वळवत असतील.

सं. ४.२०
वळवत नव्हते. ठरल्या वेळेच्या आधी सुटणं हा शुद्ध बेजबाबदारपणा आहे. तक्रारीचा मसुदा मागच्या पानावर सुरू केलाय. वरच्या डेकवर आईची टोपी ओळखू आली. हात हलवत होती. मीही हलवला, बोलावण्यासाठी. बहुतेक तिला वाटलं मी टाटा करतोय.

सं. ५.००
बंदरावरच्या कंपनीच्या ऑफिसात. दोन खुर्च्या, एक पंखा, पिवळं जॅकेट घातलेला एक माणूस. त्याला अजिबात आश्चर्य वाटलं नाही, याचा राग आला. जहाज परवा दुसऱ्या बंदराला लागेल. बस उद्या सकाळी सातला, अकरा तासांचा रस्ता. पंधरा मिनिटं आधी या म्हणाला. कुठल्या घड्याळाप्रमाणे, असं विचारलं. त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं.

मग एक फॉर्म दिला. नाव, केबिन नंबर, आणि तिसरा रकाना, ‘उशिराचे कारण’. बावीस वर्षांत हा रकाना मी शेकडो लोकांकडून भरून घेतलाय. पेन त्याचं होतं, लाल. लिहिलं, ‘घड्याळ मागे होते’. त्याने न वाचता शिक्का मारला.

सं. ५.४०
लेकीचा मेसेज. आजी बरी आहे, आई बरी आहे. आई विचारते, पाकीट मिळालं का?

कसलं पाकीट विचारल्यावर पिवळ्या जॅकेटवाल्याला आठवलं. ड्रॉवरमधून काढून दिलं. जहाज सुटण्याआधी बायकोने खाली पाठवलं होतं. तिजोरीतलं तेच जाड पाकीट. दागिने नाहीत. माझा पासपोर्ट. ब्लडप्रेशरच्या चार दिवसांच्या गोळ्या. जादाचा चष्मा. एक बनियन, इस्त्री केलेला. दुसऱ्या बंदराचा पत्ता, मोठ्या अक्षरात, कारण बारीक मला दिसत नाही. आणि चिठ्ठी. काळजी करू नका, आम्ही नीट आहोत, गोळी जेवणानंतर घ्या, पुढच्या बंदरावर वाट बघतो.

चिठ्ठी दोनदा वाचली. घाईत लिहिलेली वाटेना. अक्षर सुरेख, ओळी सरळ. मग वर कोपऱ्यात तारीख दिसली. ९ मे.

नऊ तारखेला जहाज धक्क्यालाच बांधलेलं होतं. मी त्या खलाशाला जॅकेट समजावायलाही अजून गेलो नव्हतो.

फार वाईट वाटलं. हाही कॅप्टनच्या यादीतलाच मुद्दा असणार म्हणून त्याचा राग आला, पण चिठ्ठीतलं अक्षर कॅप्टनचं नव्हतं.

निळी डबी उघडून नवं घड्याळ एक तास पुढे केलं. मग जेवलो आणि गोळी घेतली.