कार्डावरची तीन नावं

ता. ४ मार्च

तीर्थरूप ताईस,
शि. सा. न. वि. वि.

माझ्या लेकीची नशा सुटून सत्तर दिवस झाले, हे वाचून हायसं वाटलं. त्या नशामुक्तीच्या वसतिगृहात तू कपडे धुतेस, म्हणून तिच्यावर मायेची नजर तरी आहे. शाळेचं तोंड न पाहता पत्रं मात्र पंडितिणीसारखी लिहितेस हं!

एक काम कर. भेटीच्या कार्डावर तीनच नावं चालतात म्हणालीस. तुझं नि माझं झालं; तिसरं भावजींचं घाल. माझ्या दिरानेच तिला परदेशात कामाला नेलं, सख्ख्या काकाचा जीव तुटतो. रविवारी येतील. इथे सगळ्यांना ती नर्सिंग शिकते असं सांगितलंय, तेवढं सांभाळ.

गुडघ्यांना तेल लाव. माया पातळ करू नकोस.

तुझी धाकटी

ता. २१ मार्च

चि. धाकटीस,
आशीर्वाद. आज हात आखडूनच देतेय.

कार्ड ज्या त्या पोरीने स्वतः भरायचं, असा इथला नियम. मी शहाणी, काकाला कसली परवानगी म्हणून पोरीला न विचारता नाव घातलं. तो आला, बूट चकचकीत, अंगाला अत्तर. दारातून 'बाहुले' म्हणून हाक मारली. बावीस वर्षांची पोरगी चादरीची घडी हातात धरून उभ्या उभ्या ओली झाली. हा हसून म्हणाला, नाटकी आहे, प्रवासातही असंच करायची.

पोरगी पळाली. संध्याकाळी बागेतल्या संडासात सापडली. पुन्हा तीच सुई, बाही ओकारीने भरलेली. ती बाही मी धुतली. तीस वर्षं लोकांची घाण धुतेय, कधी मळमळलं नाही. त्या माणसाचं हसणं आठवलं आणि मोरीत ओकले.

परदेशात नेताना ट्रकमध्ये अकरा दिवस तो तिच्याशी कसा वागला, ते तिने इथल्या समुपदेशक बाईंना सांगितलं. मी ते लिहिणार नाही; कागद धुता येत नाही. पण तिने तुला फोनवर सांगितलं होतं, आणि तू म्हणालीस, घरातलं घरात राहू दे. धाकटे, तुझीही किळस आली गं. माझी तर येतेच आहे.

नशा केली की खोली जाते. चूक माझी, असं मी व्यवस्थापक बाईंना लिहून दिलं, म्हणून तिची खोली राहिली. माझं तिच्या मजल्यावरचं काम काढून घेतलं. तिने त्याचं नाव खोडलं, माझंही खोडलं. बरोबरच केलं. तुझ्या नावापुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह आहे. तो अजून तुझ्याच घरात पाय पसरतो ना?

तरीही तुझी,
ताई

ता. २ एप्रिल

तीर्थरूप ताईस,
शि. सा. न.

मी ऐकलं होतं. लोकांची तोंडं कशी बंद करायची, एवढंच तेव्हा सुचलं.

भावजी परवा आले, हात धुऊन जेवायला बसले. सवयीने मी वाढलं. मग वाढलेलं ताट त्यांच्या समोरून उचललं आणि बॅग रस्त्यावर ठेवली. सासूबाई बोलत नाहीत. शेजारणीला सांगितलं, लेक नर्सिंग शिकत नाही, आणि का ते. उद्या चौकीत जाते.

यातलं तिला काही सांगून माझं नाव राखू नकोस. तिला ठरवू दे.

तुझ्या मायेला पारखी,
धाकटी

ता. १५ एप्रिल

चि. धाकटीस,
आशीर्वाद, दोन्ही हातांनी.

प्रश्नचिन्ह अजून आहे. नशेविना अठ्ठावीस दिवस झाले. आज तिने स्वतःची चादर स्वतः धुतली. साबण इतका घातला की फेस जिन्यापर्यंत आला. चुकतेय हे दुरून दिसत होतं. मी फक्त जिना पुसून घेतला.

ताई