सोबत कुणी नाही

२ मे
झकास! पाच महिने घरी माशा मारत बसल्यावर अखेर नोकरी लागली. मरोळला, पंप बनवणाऱ्या कंपनीत कंपनी सेक्रेटरी. बैठका आणि नियमांची कामं माझ्याकडे. जयंतीची लेक साहेब झाली म्हणत आईने खोकत खोकत अख्ख्या मजल्यावर पेढे वाटले. मालक नंदकिशोरसर भारी बडबडे. आपला वार्षिक अहवाल कधीच उशिरा गेला नाही, हे त्यांनी चहा संपेपर्यंत चारदा ऐकवलं. तीस मेपर्यंत हिशेब मंजूर झाले नाहीत तर रोजचा दंड, वर नाचक्की. मंजुरीला दोन संचालक हवेतच. एक सर, दुसरे बोरिवलीचे श्यामकांतकाका.

१२ मे
आज पहिली बैठक. काका व्हिडिओवर, पण कॅमेरा बंद. नियमाप्रमाणे मी हजेरी घेतली: नाव, ठिकाण, जवळ आणखी कुणी आहे का. खर्जातलं उत्तर आलं, श्यामकांत, बोरिवली, सोबत कुणी नाही. किती शिस्तीचा माणूस! मी हजर लिहिलं.

१९ मे
शिपाई काशीरामला काकांच्या सहीसाठी पाठवलं, तो तसाच परत आला. म्हणाला, काका होळीलाच गेले, घरी फोटोला हार आहे. सरांना विचारलं, मग आवाज कुणाचा? ते पांढरेफटक. त्यांना वाटलेलं मीच कुणाला तरी बसवलंय. काका गेल्याचं त्यांना ठाऊक होतं! नवा संचालक नेमण्यात तारीख टळेल म्हणून गप्प होते. म्हणाले, तीसपर्यंत हजर लिही, नाहीतर दुसरी नोकरी बघ. लिहीन म्हटलं. लाज वाटते, पण परत घरी बसवणार नाही मला.

२५ मे
बैठक. मी हजेरी घेतलीच नाही. आवाज आपणहून आला. श्यामकांत, मरोळ, तुमच्या जिन्यात, सोबत कुणी नाही. काशीराम बघून आला, कुणी नव्हतं म्हणाला. पण तेव्हापासून तो लिफ्टनेच जातो.

२८ मे
श्यामकांत, कांदिवली. आमचं कांदिवली! मागे कुकरची शिटी, आईचा खोकला — घरी फोन लावला. आई म्हणाली, अगं अबोली, तुझे साहेब आलेत, चहा नको म्हणतात, नुसते बसलेत. धावत घरी गेले. खुर्ची रिकामी. सरांना हात जोडले, जाऊ दे ती तारीख. ऐकत नाहीत. वाट लागली माझी.

३० मे, बैठकीत
सकाळीच आईला मुलुंडला मावशीकडे सोडलं. कुणाला सांगितलं नाही, कुणालाच —

श्यामकांत, मुलुंड.

मी म्हणाले, बैठक बंद करा. सर म्हणतात दोनच मिनिटं, हिशेब मंजूर होऊ दे —

आई फोन उचलत नाही. मावशीही —

आणखी कुणीतरी बैठकीत आलंय. कॅमेरा बंद. आईचा आवाज. अजिबात खोकत नाही. जयंती, मुलुंड, सोबत