कृष्णात भावजींचा बिल्ला

आवं,

डब्यात झुणका-भाकरी ठेवलीया. खावा, पर कामावर जाऊ नगा.

साखर कारखान्याची नोकरी तुमी दिवाळीला सोडली आन् संक्रांतीला तापानं गेलात. टाइमकीपर म्हणाला, "वैनी, कारखान्याचा विमा नोकरीबरूबर सुटतो. राजीनाम्यानंतर माणूस गेला, तर वारसाला काय मिळत न्हाई." तुमचा बिल्ला मी तवाच कारखान्यात जमा केला. तरी टाइमकीपर सांगतोय, रोज सकाळी त्यो हजेरीच्या फळीवर तुमच्याच खिळ्याला लटकलेला असतोय, उसाच्या मळीनं चिकट. विम्यासाठी जाताय, ह्ये मला कळतंय. पर सुटलेला विमा आता चालू हुणार न्हाई.

कालपासनं तुमच्या जागी कृष्णात भावजी लागलेत. त्यांचं लगीन व्हायचंय, म्हणून विम्याला वारस त्यांनी मलाच लावलंय. ह्ये मी कुणाला बोलले न्हाई. फकस्त दिवा लावताना तुमच्या फोटोला सांगितलं.

आज सकाळी भावजींचा बिल्ला त्या फोटोखाली सापडला. मळीनं चिकट.

मला त्यो विमा नगं. भावजी माजघरात झोपलेत, आज मी त्यांना कामावर पाठवणार न्हाई. पोटभर खावा, आन् एकटंच माघारी जावा.

विजयमाला